परतीची अट वाचली का?

गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती. आमच्या भिशीला शेजारच्या वहिनी पेढ्यांचा पुडा घेऊनच आल्या. थोरल्या लेकीचं जमलं होतं! मुलगा सोलापूरचाच, एम.बी.बी.एस. करून अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात रेसिडेन्सी करणारा. रेसिडेन्सी म्हणजे आपल्याकडच्या एम.डी.सारखं पुढचं शिक्षण. वहिनींचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. म्हणाल्या, "तीन वर्षं शिकायचं, मग तिथंच नोकरी अन् मग ग्रीन कार्ड. पोरीचं सोनं झालं बघा!"

मी सहज विचारलं, "व्हिसा कोणता आहे हो त्याचा?"

"कोणता म्हणजे? अमेरिकेचा!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मन काही थाऱ्यावर राहीना. गेली काही वर्षं मी महिलांच्या समुपदेशनाचं काम करते. लग्न ठरवताना आपण पत्रिका बघतो, शेती किती, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं खोदून खोदून विचारतो. परदेशातलं स्थळ आलं की मात्र 'अमेरिका' या एका शब्दावर आपले सगळे प्रश्न संपतात.

वहिनींची लेक मात्र हुशार. एम.कॉम. झालेली, सहकारी बँकेत नोकरीला. तिनं त्याच रात्री मुलाकडं व्हिसाचा फोटो मागितला. त्यानंही काही आढेवेढे न घेता पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोन घेऊन माझ्या स्वयंपाकघरात हजर! फोटोत लिहिलं होतं 'जे-१'. आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ, दोन वर्षांचा नियम या व्यक्तीला लागू आहे. "काकू, हे कसलं हो?"

मैत्रिणींनो, या एका ओळीसाठीच आजचा हा लेख.

अमेरिकेत नोकरीसाठी जाणाऱ्यांचा एच-१बी व्हिसा आता आपल्या ओळखीचा झालाय. जे-१ त्याहून वेगळा. तो देवाणघेवाणीचा व्हिसा. आपल्या विद्यापीठातले प्राध्यापक, संशोधक, शिष्यवृत्ती मिळालेले विद्यार्थी आणि तिथं रेसिडेन्सी करणारे बहुतेक परदेशी डॉक्टर यावरच जातात. त्यामागची कल्पना अशी, की या, शिका, आमची ओळख करून घ्या आणि ते ज्ञान घेऊन आपल्या देशात परत जा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं अशा योजना सुरू केल्या. भारताशी फुलब्राइट शिष्यवृत्तीचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. पण गरीब देशांतली शिकलेली माणसं तिकडंच राहू लागली, तर त्या देशांच्या हाती काय उरणार? म्हणून १९५६ मध्ये तिथल्या कायद्यात अट आली, की अभ्यास संपला की दोन वर्षं मायदेशी राहायचं. 'जे' हे नाव १९६१च्या कायद्यानं मिळालं.

ही अट सरसकट सगळ्यांना नाही, हे आधी लक्षात घ्या. ती तीन कारणांनी लागते. एक, शिक्षणाचा खर्च अमेरिकन सरकारनं किंवा आपल्या सरकारनं केला असेल तर. दोन, त्या माणसाचा विषय त्याच्या देशाला गरजेचा म्हणून अमेरिकेच्या यादीत असेल तर. तीन, तो डॉक्टर तिथं रेसिडेन्सीसारखं वैद्यकीय प्रशिक्षण घेत असेल तर. यातल्या दुसऱ्या कारणाबाबत मोठा बदल झालाय. ९ डिसेंबर २०२४ पासून ती यादी बदलली आणि भारताचं नाव त्यातून निघालं. त्यामुळं केवळ यादीपायी अडकलेल्या आपल्या कितीतरी संशोधकांची सुटका झाली, अगदी आधी गेलेल्यांचीसुद्धा. पण सरकारी पैशावर गेलेल्यांना आणि डॉक्टरांना ही सूट नाही. वहिनींचे होणारे जावई डॉक्टर!

अट लागली की काय होतं? दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय एच-१बी मिळत नाही, ग्रीन कार्डही मिळत नाही. पर्यटक म्हणून जाता येतं, पण नोकरी करून स्थायिक व्हायचा रस्ता बंद. आणि आपल्या लेकींच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जे-१वाल्याची बायको जाते जे-२ व्हिसावर, आणि नवऱ्याची अट तिलाही जशीच्या तशी लागते. तिनं एक दिवस नोकरी केली नाही, एक डॉलर घेतला नाही, तरी लागते!

यातून वाट नाही का? आहे. 'आमची हरकत नाही' असं पत्र आपल्या सरकारनं दिलं, तर संशोधक, प्राध्यापक मंडळींना अट माफ होऊ शकते, पण ते पत्र रेसिडेन्सीवाल्या डॉक्टरांना चालत नाही. त्यांच्यासाठी मुख्य वाट म्हणजे जिथं डॉक्टरांची टंचाई आहे अशा भागात तीन वर्षं काम करायचं. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याला वर्षाला फक्त ३० जागा आहेत. शिवाय योजना कायमची नाही, तिची मुदत तिथली संसद वेळोवेळी वाढवत आलीय. म्हणजे न्यूयॉर्कची स्वप्नं बघत गेलेली नवरी चार दुकानांच्या एखाद्या खेडेवजा गावात तीन वर्षं राहू शकते. त्यात वाईट काही नाही, आपणही लहान गावातल्याच. पण ते आधी माहीत नको का?

आता नोकरीचं बघा. जे-२वरच्या बायकोला तिथं काम करता येतं, पण गेल्या गेल्या नाही. तिथं पोचल्यावर अर्ज करायचा, परवाना हातात येईपर्यंत थांबायचं, आणि त्याला महिनोन् महिने लागू शकतात. शिवाय तिची कमाई नवऱ्याचा खर्च भागवण्यासाठी आहे असं दाखवून चालत नाही. गंमत पुढंच आहे. नवरा टंचाईच्या भागातल्या नोकरीसाठी एच-१बीवर गेला, की बायको जाते एच-४वर, आणि एच-४वर नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची गाडी एका टप्प्यापर्यंत पोचेस्तोवर काम करता येत नाही. म्हणजे आधी नोकरीची मुभा आणि मग पुन्हा घरी बसणं! बँकेत स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मुलीला हे कुणी सांगायचं?

आणखी एक कटू गोष्ट, ती माझ्या कामामुळं मला सांगावीच लागते. जे-२ हा व्हिसा नवऱ्याच्या सावलीसारखा आहे. घटस्फोट झाला, की तिथं राहण्याचा तिचा हक्क संपतो. दोन वर्षांची अट मात्र तिच्या मागं राहते. घटस्फोट झाल्यास किंवा नवरा वारल्यास ती माफ करण्याची विनंती करता येते, पण निर्णय प्रत्येक प्रकरणाचा वेगळा होतो. म्हणून लेकीचा पासपोर्ट तिच्याच ताब्यात हवा. 'डीएस-२०१९' नावाचा कागद नवरा, बायको, मुलं अशा प्रत्येकाचा वेगळा असतो. त्याची एक प्रत माहेरी ठेवा. लग्नाची नोंदणी महापालिकेत वेळेवर करा, त्या दाखल्याशिवाय जे-२चं पानही हलत नाही. आणि काही बिनसलंच, तर राष्ट्रीय महिला आयोगात परदेशी लग्नांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे, हे विसरू नका.

तुम्ही म्हणाल, ही बाई घाबरवतेच आहे! तसं नाही हो. याच व्हिसावर माझी एक मैत्रीण, कॉलेजात शिकवणारी, नऊ महिने तिकडं राहून आली. दोन मुलं सासूबाईंवर सोपवून गेली होती. मुलाखतीसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठलेली, पहिल्यांदाच एकटी. तिनंच मला शिकवलं, की विमा नीट वाचायचा. एका आजारपणाला किमान एक लाख डॉलरचं संरक्षण हा नियमच आहे, आणि मुद्दाम विमा टाळला तर कार्यक्रमच रद्द होतो. काम संपल्यावर आवराआवरीला ३० दिवस मिळतात, त्यात नोकरी करायची नाही. आणि संशोधक म्हणून एकदा जाऊन आलं, की त्याच प्रकारात पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं. ही दोन वर्षं वेगळी आणि परतीच्या अटीची दोन वर्षं वेगळी, यात भलेभले गोंधळतात.

ती परत आली. भरपूर शिकून, पुस्तकांनी बॅगा भरून. पण कॉलेजनं तिच्या हातात पूर्वीचंच वेळापत्रक ठेवलं. काय शिकून आलीस, असं कुणी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हा मला बाबासाहेबांची आठवण झाली. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनाही करार करावा लागला होता, शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा. ते शब्दाला जागले, १९१७ मध्ये परतले. पण बडोद्यात एवढ्या शिकलेल्या माणसाला जातीपायी राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ज्या धर्मशाळेत राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. हा प्रसंग त्यांनी ज्या छोट्या लेखनात सांगितला, त्याचं नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. स्वतःच्याच देशात व्हिसाची वाट पाहणं! माझ्या मैत्रिणीचा सल त्या वेदनेच्या जवळपासही जात नाही, हे मला कळतं. पण परत ये म्हणणाऱ्यानं परतणाऱ्यासाठी जागाही करून ठेवावी, एवढं त्यातून नक्की शिकण्यासारखं आहे. दोन वर्षांसाठी परतलेला डॉक्टर आपल्याच सिव्हिल हॉस्पिटलात, एखाद्या तालुक्याच्या गावी काम करू शकतो. त्याला 'काय, हाकलून दिलं का?' असं विचारणारे मात्र आपल्याच वाड्यात असतात. अटीनं परतणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे आपण बायकांनी तरी घरात बोलायला हवं.

आणखी एक. व्हिसाचे नियम पावसासारखे बदलतात. २०२५च्या मे अखेरीस अमेरिकेनं विद्यार्थी आणि देवाणघेवाणीच्या व्हिसांच्या नव्या मुलाखती देणं काही आठवडे थांबवलं होतं. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा अर्जदारांनी समाजमाध्यमांवरची आपली खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवावीत, असं सांगण्यात आलं. रेसिडेन्सी बहुधा १ जुलैला सुरू होते, त्यामुळं कितीतरी तरुण डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला. तेव्हा गेल्या वर्षी कुणाच्या भाच्याला काय लागलं यावर विसंबू नका. ताजे नियम दूतावासाच्या किंवा विद्यापीठाच्या कार्यालयातूनच विचारून घ्या.

वहिनींच्या लेकीचं काय झालं, सांगायचंच राहिलं! वहिनी आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ठरलेल्या कार्यात मी माशी शिंकवली, असं त्यांना वाटलं. लेकीनं मात्र मुलाला थेट विचारलं. त्यानं न चिडता सगळं सांगितलं. टंचाईच्या भागात तीन वर्षं काढायची त्याची तयारी होती. जागा नाहीच मिळाली, तर दोन वर्षं सोलापुरात. "घरच्यांनी तुम्हाला सांगितलं असेल असं मला वाटलं," म्हणाला. तिनंही सांगितलं, मला नोकरी करायची आहे, जिथं करता येणार नाही तिथं मी पुढं शिकेन. दोघांनी आपापली वर्षं कागदावर मांडली. मला विचाराल, तर खरी पत्रिका त्या दिवशी जुळली.

लग्न ठरल्याप्रमाणंच आहे. आणि परवाच्या भिशीत कुणीतरी कॅनडाचं स्थळ आल्याचं सांगितलं, तर सगळ्यांच्या आधी वहिनीच म्हणाल्या, "ते राहू द्या हो. व्हिसा कोणता, ते सांगा आधी!"