गाण्यांचा संक्षेप

माझा पेशा मराठी शिकविण्याचा. तेव्हा संक्षेप म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. चारशे पानांची कादंबरी गाइडातल्या चार पानांत उरकणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ती पासही होतात! पण त्या चार पानांतून कादंबरी पुन्हा उभी करा म्हटले, तर खुद्द लेखकालाही ते जमणार नाही. एवढे कळत असूनही आजीच्या आवाजाच्या बाबतीत मी नेमकी तीच चूक केली.

१९९१ साली मंगळागौरीला आजी गात होती आणि टेपरेकॉर्डरचे लाल बटण दाबून धरण्याचा मान माझ्याकडे होता. ती कॅसेट २००७ मध्ये मी संगणकावर उतरविली. खिशातला प्लेअर होता ५१२ मेगाबाइटचा. जास्तीत जास्त गाणी मावावीत म्हणून सगळी ६४ किलोबिटांच्या एमपीथ्रीत कोंबली, आजीसुद्धा. पुढच्याच दिवाळीच्या साफसफाईत बुरशी धरलेली ती कॅसेट मी स्वतःच्या हाताने टाकून दिली. गेल्या महिन्यात घरी नवा स्टिरिओ आला. धाकटीने मोठ्या हौसेने ती फाइल लावली आणि दोन ओळी होतात न होतात तोच विचारले, "बाबा, पणजी पाण्यात बसून गातेय का?"

तिला पाण्यात कुणी बसविले, ते मला ठाऊक होते.

त्याचे असे आहे. सीडीवर दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे असतात. डाव्या बाजूची वेगळी, उजव्या बाजूची वेगळी, आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. म्हणजे तासाभराच्या मैफलीला सहाशेहून अधिक मेगाबाइट. हे ओझे कमी करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली वळकटीची. गादी-पांघरूण गुंडाळले, दोरी आवळली. मुक्कामी सोडले की सगळे जसेच्या तसे. २००१ साली आलेला फ्लॅक हा या जातीचा. तो साधारण निम्म्या-साठ टक्के जागेत गाणे बसवितो, आणि उलगडल्यावर एका बिटाचाही फरक पडत नाही.

दुसरी तऱ्हा गाइडाची, आणि तिच्यात मात्र खरी अक्कल आहे. जर्मनीतल्या एर्लांगेन गावी फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी एमपीथ्री आकाराला आणली, तिची सारी मदार आपल्या कानाच्या उणिवेवर आहे. स्वयंपाकघरात मिक्सर फिरत असला की दाराची कडी वाजलेली ऐकू येत नाही ना? तसाच मोठ्या स्वराच्या शेजारचा हलका स्वर कानाला लागत नाही. मग तो जपायचा कशाला? द्या टाकून! ३२० किलोबिटांपर्यंत मुभा असेल तर टाकलेले सहसा जाणवत नाही. १२८ वर आले की अगदी वरच्या पट्टीतली कंपने कापली जातात, तबल्याच्या किनारीवरच्या थापेची धार बोथटते, झांजा फसफसू लागतात. आणि ६४ वर आमची आजी!

म्हणून एमपीथ्रीला नावे ठेवण्याचे कारण नाही. बसच्या घरघरीत कानाला बोंडे लावून ऐकायचे तर १९२ ते २५६ किलोबिटांची एमपीथ्री किंवा एएसी पुष्कळ झाली. शिवाय ती बोंडे बिनतारी ब्लूटूथची असली, तर वाटेत बहुधा आणखी एकदा संक्षेप होतोच. घरी दारे लावून, डोळे मिटून मी २५६ आणि फ्लॅक पाळीपाळीने लावून पाहिले. मला फरक सांगता आला नाही. (चाळिशीनंतर वरचे सूर कानातून हळूहळू ओसरतात, हे त्यातले दुखरे कलम!) तरीही घरच्या स्टिरिओसाठी फ्लॅकच ठेवावा असे मी म्हणतो, आणि ते कानाच्या चोखंदळपणासाठी नव्हे. मूळ प्रत फ्लॅकची असली की तिच्यावरून खिशासाठी हव्या तितक्या लहान प्रती काढता येतात. उद्या याहून बरी तऱ्हा निघाली तर तीही. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री करणे म्हणजे गाइडाचे गाइड. आणि एमपीथ्रीचे फ्लॅक करण्याची हौस असेल तर तीही मी भागवून घेतली आहे: फाइल कितीतरी पटींनी फुगली, आजी पाण्यातच राहिली.

हे सारे रडगाणे परवा फोनवर आत्याला ऐकविले. ती शांतपणे म्हणाली, "अरे, त्या कॅसेटवरून मी तेव्हाच एक भरून घेतली होती. ट्रंकेत असेल." भाऊबीजेला बाबांना ओवाळायला येताना ती घेऊन येणार आहे. आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा मात्र सैल पडला आहे. सध्या दुकानांतून तो शोधतो आहे.