सेवा बंद करण्याचा अधिकार कुणाचा?

इंटरनेट आणि कायदा : लेखांक ४

मागच्या लेखांकात आपण कंपन्यांना घातलेला लगाम पाहिला. ठरावीक सेवा फुकट देऊ पाहणाऱ्या ‘एअरटेल झीरो’ आणि फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ या योजनांवरून देशभर वाद पेटला, लाखो नागरिकांनी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला ईमेल पाठवले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम झाला : ग्राहक काय पाहतो यावरून डेटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. नियम मोडला तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. इथे नियमन ग्राहकाच्या बाजूने उभं राहिलं. पण सरकारच कंपनीला सेवा बंद करायला सांगतं तेव्हा काय होतं? ते समजून घ्यायला गुजरातमधल्या सुरतकडे पाहू.

२५ ऑगस्ट २०१५ रोजी अहमदाबादेत आरक्षणासाठी पाटीदार समाजाची प्रचंड सभा झाली. त्याच दिवशी आंदोलनाचे नेते हार्दिक पटेल यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं आणि गुजरातभर हिंसाचार उसळला. सुरतेतही जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. राज्यात मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आलं. १९ सप्टेंबरला पटेल यांना सुरतमध्ये ताब्यात घेतलं, तेव्हा पुन्हा तेच घडलं.

ऑगस्टमधल्या बंदीला आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा, म्हणजे जमावबंदीच्या कलमाचा. गौरव व्यास यांनी गुजरात उच्च न्यायालयात याचिका केली. आक्षेपार्ह मजकूर रोखण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ असताना अख्खी सेवाच का बंद करता, हा त्यांचा प्रश्न होता. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. ६९-अ ठरावीक संकेतस्थळांसाठी आहे, शांतता राखण्यासाठी १४४ वापरता येतं, शिवाय ब्रॉडबँड आणि वायफाय सुरूच होतं, असं निकालात म्हटलं आहे.

हा शेवटचा मुद्दा मला फार खटकतो. सुरतच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाच्या घरी ब्रॉडबँड कुठून असणार? त्याचं सगळं इंटरनेट मोबाइलमध्येच असतं. म्हणजे कार्यालयांचं काम चालू राहिलं आणि कामगाराचा संपर्क तुटला. कंपनीने ग्राहकांत भेदभाव करू नये असं सांगणाऱ्या देशात हा भेदभाव सरकारी आदेशानेच झाला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायचा नियम आला, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यास यांचं अपील फेटाळलं. आणि २८ फेब्रुवारीला तलाठी भरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून गुजरातेत सकाळी ९ ते दुपारी १ मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं गेलं. दंगल रोखण्यासाठी वापरलेलं हत्यार सहा महिन्यांत परीक्षेपर्यंत पोचलं.

सरकारची बाजू पोकळ नाही. अफवा मिनिटांत पसरते, जमाव जमतो, माणसं मरतात. पोलिसांना वेळ हवा असतो. पण बंदी किती दिवस, किती भागात आणि तिची तपासणी कोण करणार, याची उत्तरं त्या वेळी कायद्यात नव्हती. ऑगस्ट २०१७ मध्ये १८८५ च्या तार कायद्याखाली नियम झाले : आदेश गृहसचिवांचा, कारणं लेखी, वर आढावा समिती. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंदी अमान्य ठरवली आणि आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक केलं. त्याच वर्षी कमाल मुदत १५ दिवसांची झाली. आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले आहेत.

पण २०१७ आणि २०२० चे नियम असूनही २०२१ च्या डिसेंबरात संसदेच्या स्थायी समितीला आढळलं, की अशा बंद्यांची नोंदच केंद्राकडे नाही. नोंद नसेल तर बंदीने दंगल थांबली की नाही, हे तपासणार तरी कसं?

कंपन्यांसाठीचा नियम लोकांना विचारून झाला. बंदीचा निर्णयही लोकांसमोर उघड असला पाहिजे. तुमच्या गावात मोबाइल इंटरनेट बंद झालं तर आदेशाची प्रत शोधा. ती मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात राज्याच्या गृहखात्याकडे मागा. आदेश पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे.

(पुढील लेखांकात : २०२३ चा दूरसंचार कायदा)