हॅरिस शिल्डवरचा हॅरिस

लोअर परळच्या चाळीत एखाद्या पोराच्या खांद्यावर किटबॅग दिसली, की शेजारचे काका विचारणारच, "यंदा हॅरिसमध्ये आहेस ना?" हॅरिस म्हणजे शाळांची सोळा वर्षांखालची स्पर्धा, जाइल्स म्हणजे चौदाखालची. तेंडुलकर-कांबळीची १९८८ची ६६४ धावांची भागी हॅरिसमधलीच आणि पृथ्वी शॉच्या २०१३मधल्या ५४६ धावाही हॅरिसमध्येच. पण हा हॅरिस कोण, ते ना काका सांगत, ना पोरगा विचारत.

जॉर्ज हॅरिस, चौथा बॅरन. जन्म त्रिनिदादचा, १८५१चा. वडील तिथले गव्हर्नर. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्ड, मग केंटचं कर्णधारपद. कसोट्या चारच, पण चारही कर्णधार म्हणून. १८८० साली ओव्हलवर इंग्लंडमधली पहिली कसोटी झाली, तेव्हा नाणेफेकीला तोच गेला होता. त्याआधी १८७९मध्ये सिडनीत स्थानिक संघाचा मर्डॉक धावबाद ठरला, म्हणून प्रेक्षक मैदानात घुसले आणि साहेबाच्या अंगावर काठीही पडली.

१८९०मध्ये हा गडी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होऊन आला. परळचं जुनं सरकारी निवासस्थान (आजचं हाफकिन) गव्हर्नरांनी आधीच सोडलं होतं. फर्ग्युसन गव्हर्नर असताना त्यांच्या पत्नी तिथे कॉलऱ्याने गेल्या, त्यानंतर मुक्काम मलबार हिलला. म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांपासून साहेब चांगलाच लांब. साहेब आला त्याच वर्षी, १० जूनला, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. गिरणगावातल्या गल्लीत रविवारी दगडांचे स्टंप मांडले जातात, त्याचं देणं मी तरी लॉर्डापेक्षा लोखंड्यांच्या खात्यावर लिहीन.

हॅरिसला क्रिकेटचं वेड होतं, यात शंका नाही. फक्त कोणाचं क्रिकेट, हा प्रश्न होता. फोर्टजवळच्या मैदानावर मूठभर गोरे पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी देशी पोरांची खेळपट्टी उखडून टाकत. पारशी क्रिकेटपटूंनी अर्जामागून अर्ज केले. साहेब स्वतः बॅट धरणारा, तरी घोडेवाल्यांना त्याने हात लावला नाही. तोड काढली ती वेगळी: समुद्रकाठच्या भरावाच्या जमिनीवर जागा. हिंदू आणि मुस्लिम जिमखान्यांना तिथे जागा मिळाल्या त्या त्याच्याच काळात. पुढे पन्नासएक वर्षं मुंबईचं मोठं क्रिकेट धर्मवार संघांत खेळलं गेलं. त्या वाटणीची आखणी या भूखंडांवरही वाचता येते.

१८९३च्या ऑगस्टमध्ये शहरात हिंदू-मुस्लिम दंगल पेटली, तेव्हा गव्हर्नर पुण्यात होता. तो लगेच परतला नाही, म्हणून त्याच्यावर सडकून टीका झाली. शांततेसाठी राणीच्या बागेत सभा घेतली ती पुन्हा लोखंड्यांनीच.

१८९५मध्ये साहेब मायदेशी परतला आणि एमसीसीचा अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी एमसीसीच्याच लॉर्ड्स मैदानावरच्या कसोटीत रणजितसिंहांना इंग्लंडच्या संघात घेतलं गेलं नाही. त्या काळी यजमान मैदानवालेच संघ निवडत. मँचेस्टरला निवड लँकेशायरकडे आली. रणजींनी तिथे ६२ आणि नाबाद १५४ केल्या. राजपुत्राचीही ही कथा, मग परळच्या पोराला कोण विचारतो?

तरी जमिनीचा स्वभाव निराळा असतो. ज्या हिंदू जिमखान्याला हॅरिसच्या राजवटीत जागा मिळाली, तिथे पुढे सोलकर आडनावाचे एक गृहस्थ माळी होते. मैदान राखायचं, खेळपट्टीला पाणी घालायचं, रोलर फिरवायचा. त्यांचा मुलगा एकनाथ त्याच आवारात, सभासदांसाठी नेटमध्ये चेंडू टाकत मोठा झाला. २७ कसोट्या, ५३ झेल, बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय, फलंदाजाच्या बॅटला जवळजवळ नाक लावून.