छतावरचा डबा आणि आडवा येणारा ऊस

दौंड म्हटलं की जंक्शन आठवतं, फार तर राज्य राखीव दलाच्या छावण्या. पण १९२७ च्या सप्टेंबरात या गावाकडे एक निराळंच काम आलं होतं. मार्कोनीच्या तंत्राने ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्यात ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली. इथून जाणारे संदेश खडकीच्या केंद्रातून सुटायचे आणि विलायतेहून येणारे दौंडच्या केंद्रात उतरायचे. दोन्ही केंद्रं मुद्दाम लांब ठेवली होती. पाठवणाऱ्या यंत्राचा जोर एवढा, की ऐकणारं यंत्र शेजारीच असतं तर हजारो किलोमीटर ओलांडून आलेली क्षीण लहर त्या गोंगाटात बुडून गेली असती.

त्याआधीची बिनतारी यंत्रणा लांब लहरी चारी दिशांना उधळायची आणि त्यासाठी प्रचंड वीज खायची. बीममध्ये आखूड लहरी वापरल्या, उंच खांबांवर अँटेनाच्या रांगा उभ्या केल्या, त्यांच्यामागे परावर्तक तारा बांधल्या आणि सगळा जोर एकाच दिशेला वळवला. वीज कमी, वेग जास्त. समुद्राच्या तळाशी तारा टाकून बसलेल्या कंपन्यांना ही स्पर्धा इतकी जड गेली की १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये तारवाले आणि बिनतारीवाले एकत्र आणावे लागले.

आज त्याच दौंड तालुक्यात आणि भीमेपलीकडच्या शिरूरमध्ये स्लॅबवर पाइप उभा करून, क्लॅम्प मारून जो पांढरा डबा बसवतात, तो तत्त्वाने हेच काम करतो. जाहिरातीत त्याला एअरफायबर म्हणतात, घरात सगळे वायफाय म्हणतात आणि जाणकार फिक्स्ड वायरलेस म्हणतात. टॉवर तोच, मग खिशातल्या मोबाइलपेक्षा यात वेगळं काय? मोबाइलची अँटेना नखाएवढी. ती पत्र्याखाली, भिंतीआड, हातात हलत असते आणि टॉवर कुठल्या बाजूला आहे हे तिला ठाऊक नसतं. डब्यातली अँटेना मोठी, घराबाहेर, उंचावर आणि एका दिशेला रोखलेली असते. म्हणूनच घरात मोबाइलवर जेमतेम एक कांडी रेंज असली तरी छतावरच्या डब्याला चांगला वेग मिळू शकतो. आणि म्हणूनच वेग किती मिळणार हे तुम्ही कोणता पॅक घेतला यावर कमी आणि डबा कुठे बसला यावर जास्त अवलंबून असतं. जाहिराती नेमकं हेच सांगत नाहीत.

या दोन तालुक्यांत तारेऐवजी हवेतून येणाऱ्या इंटरनेटला एवढी मागणी का, याचं उत्तर घरांच्या मांडणीत आहे. शिरूर, दौंड, केडगाव, शिक्रापूर अशा बाजारपेठांत फायबर आलं आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत तर यायलाच हवं. पण गावठाण सोडलं की माणसं मळ्यात राहतात. एक वस्ती ओढ्यापलीकडे, दुसरी कॅनॉलच्या कडेला, तिसरी उसाच्या मधोमध. चार घरांसाठी दोन किलोमीटर केबल ओढणं कुणालाच परवडत नाही. ओढलीच, तर रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी किंवा पाइपलाइनची चारी ती कधी तोडेल याचा नेम नाही. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे तिचं नाव भारतनेट झालं. मात्र ग्रामपंचायतीच्या कपाटापासून मळ्यातल्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा हा मुळात वेगळाच प्रश्न आहे.

हवेतून नेट देणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिला स्थानिक नेटवाला. तो बाजारपेठेत फायबर घेतो, उंच इमारतीवर किंवा लोखंडी मनोऱ्यावर रेडिओ लावतो आणि तुमच्या घरावर छोटी छत्री बसवून ५ गिगाहर्ट्‌झवर जोडणी देतो. हा पट्टा वापरायला वेगळा लहरी परवाना लागत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने ५ गिगाहर्ट्‌झमधला ६०५ मेगाहर्ट्‌झचा मोठा तुकडा परवानामुक्त केला आणि या धंद्याला वाट मोकळी झाली. इंटरनेट सेवेचा परवाना मात्र लागतोच. दुसरा प्रकार मोठ्या मोबाइल कंपन्यांचा. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईत आणि जिओने त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीला, पुण्यासह आठ शहरांत एअरफायबर सुरू केलं. ते ५जीच्या टॉवरवर चालतं. जिथे ५जी पुरत नाही, तिथे या कंपन्याही कधी कधी ५ गिगाहर्ट्‌झचा परवानामुक्त रेडिओच बसवतात. तेव्हा डब्यावरचं नाव पाहून आत काय आहे ते कळत नाही, बसवणाऱ्यालाच विचारावं लागतं.

विचारणं महत्त्वाचं, कारण दोन्हींची नाटकं निराळी. ५ गिगाहर्ट्‌झच्या छत्रीला समोरचा मनोरा अगदी स्वच्छ दिसावा लागतो, आणि नुसता डोळ्यांना दिसून भागत नाही. लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. तिला मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, रताळ्याच्या आकाराची मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. मनोरा पाच किलोमीटरवर असेल तर मध्यावर या जागेची त्रिज्या साधारण आठ मीटर भरते. त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. त्यामुळे मनोऱ्याचा लाल दिवा स्लॅबवरून दिसतो आहे, तरी नेट अडखळतं आहे, असं होऊ शकतं. मधल्या लिंबाचा शेंडा दृष्टीच्या रेषेखाली असतो, पण त्या फुगवट्यात घुसलेला असतो. ५जीचे ७०० मेगाहर्ट्‌झचे पट्टे झाडाझुडपांतून बऱ्यापैकी पार होतात. मात्र खरा वेग देणारा पट्टा ३.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा, आणि त्याला पानं आवडत नाहीत. पानांत पाणी असतं, पाणी लहर पितं. पावसाच्या सरीने ५ गिगाहर्ट्‌झवर फारसं बिघडत नाही. भिजलेल्या झाडाने बिघडतं.

आता उसाकडे. या भागात आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते आणि दीड वर्ष शेत भरलेलं असतं. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मार्चपर्यंत शिवार मोकळं होतं. जोडणी फेब्रुवारीत घेतली तर समोर नुसती खोडकी असते. आकडे झकास येतात, बसवणारा फोटो काढून निघून जातो. पुढच्या सप्टेंबरात त्याच रानात दहा-बारा फूट उंचीची ओली भिंत उभी राहते. स्लॅबवर पाइप घालून डबा चढवला असेल तर ऊस त्याच्या आड येत नाही. पण पत्र्याच्या घराच्या भिंतीवर, पागोळीच्या खाली, हात पोचेल अशा उंचीवर डबा ठोकला असेल तर तो उसातच बसला म्हणायचा. बांधावरची सुबाभूळ तर उसाहून वाईट, ती तोडली जात नाही, नुसती वाढते. कडुलिंब शिशिरात पानं गाळतो आणि चैत्रात पुन्हा भरतो, त्यामुळे त्याच्याआडचं नेट ऐन परीक्षांच्या सुमाराला मंदावलं तर नवल नको.

मांडवगण फराट्याकडच्या एका वस्तीवरची जोडणी बघण्यासारखी होती. नेटवाल्या पोराने आधी ड्रिल बाहेर काढलंच नाही. लांब केबलला जोडलेला डबा हातात धरून तो स्लॅबच्या चारी कोपऱ्यांत फिरला, प्रत्येक ठिकाणी मोबाइलवरचा आकडा बघत. पायऱ्यांच्या बाजूला उणे १०३, टाकीपाशी उणे ९४. खालून आजींनी हाक मारली, “अरे बाळा, टाकीवर नको, टाकी धुवायला माणूस चढतो.” मग टाकीच्या मागे जीआय पाइप उभा केला, डबा दोन बोटं वळवला, आणि आकडा उणे ८६ वर आला. तिथे क्लॅम्प आवळला. सगळा वेळ या फिरण्यात गेला. भोक पाडणं आणि केबल आत घेणं ही शेवटची किरकोळ कामं. याउलट पाहिलेल्या जोडण्याही आहेत: आल्याआल्या दाराशेजारी भोक, डबा तिथेच, दिवा हिरवा झाला, सही करा.

हा लहरीच्या ताकदीचा आकडा समजून घेणं अवघड नाही. तो उणे असतो, म्हणजे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ५जीच्या डब्याला उणे ८० किंवा त्याहून चांगला मिळाला तर उत्तम, उणे ९० पर्यंत ठीक, उणे १०० च्या पलीकडे रडारड. तीन अंकांनी घसरला की लहरीची ताकद निम्मी होते. वरच्या वस्तीवर टाकीपासून टाकीमागे जाताना आठ अंक सुधारले, म्हणजे ताकद सहापट झाली, आणि त्यासाठी कंपनीला जादा पैसा द्यावा लागला नाही. याच्या जोडीला एसआयएनआर नावाचा दुसरा आकडा असतो. तो गोंगाटाच्या तुलनेत लहर किती स्पष्ट आहे ते सांगतो, आणि जितका मोठा तितका बरा.

एवढं करूनही संध्याकाळी आठनंतर वेग पडू शकतो. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते आणि मॅचच्या दिवशी सगळी वाडी एकदम बसते. त्यामुळे चाचणी दुपारी बारा वाजता करून समाधान मानू नका. जिओने सुरुवातीला ३० एमबीपीएसचा पॅक ५९९ रुपयांना काढला. १८ टक्के जीएसटी धरून तो सातशेच्या वर जायचा. तेव्हा बसवण्याचे हजार रुपये वेगळे होते, वर्षाचा पॅक घेतला तर ते माफ. आणि ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३० एमबीची फाइल नव्हे. भागिले आठ करा, पावणेचार एमबी येते. घरात दोन टीव्ही, एक ऑनलाइन क्लास आणि मोबाइल एवढ्याला ती पुरते. पुरत नसेल तर मोठा पॅक घेण्याआधी वरचा उणे आकडा बघा. लहरच कमी येत असेल तर १०० चा पॅक घेऊनही मिळणार तेवढंच.

लाइटीचा विषय जाहिरातीत कधीच नसतो. छतावरच्या डब्याला वीज त्याच नेटच्या केबलमधून जाते, घरातल्या अ‍ॅडॅप्टरमधून. लाइट गेली की घरातला राउटर बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर चालू राहतो आणि वरचा डबा मात्र बंद पडतो. दिवा लागलेला, नेट नाही. बाजारातून सात-आठशे रुपयांचा यूपीएस आणून फसलेले पुष्कळ आहेत. दोन्ही अ‍ॅडॅप्टर घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, हा सरळ उपाय. दुसरं, वळवाचा पाऊस. मेच्या दुपारी वीज कडाडते तेव्हा स्लॅबवर सगळ्यांत उंच लोखंडी पाइप तुमचाच असतो. त्याला अर्थिंग हवं, आणि ते नळाच्या पाइपाला तार गुंडाळून होत नाही. केबल भिंतीतून आत घेताना भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवावं आणि केबलला बाहेर खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून गळून पडतं, राउटरमध्ये येत नाही.

शिरूर भागात आता बऱ्याच जणांना नेट हवं असतं ते कॅमेऱ्यासाठी. बिबट्याच्या भीतीने गोठ्यावर कॅमेरा लावतात आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला तो मोबाइलवर बघायचा असतो. इथे एक अडचण आहे. या जोडण्यांवर घराला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता सहसा मिळत नाही, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. त्यामुळे जुन्या पद्धतीने पोर्ट उघडून बाहेरून बघायचा डीव्हीआर इथे चालत नाही. कंपनीच्या अ‍ॅपमधून, क्लाउडद्वारे चालणारा कॅमेराच घ्यावा.

काही जण उपग्रहाच्या नेटसाठी थांबले आहेत. उपग्रह या जिल्ह्याला नवा नाही. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचं विक्रम भू-केंद्र १९७१ पासून परदेशी दूरसंचाराचं काम करू लागलं. तेव्हाचा उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, आवाज जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात. जून २०२५ मध्ये कंपनीला केंद्राचा परवाना मिळाला आणि नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने तिच्याशी इरादापत्र केलं. पण त्या ताटलीलाही मोकळं आकाश लागतंच. चिंचेखालच्या अंगणात तीही उपाशी राहील.

तेव्हा माणूस जोडणीला आला की त्याच्याबरोबर स्लॅबवर चढा. ड्रिल लावण्याआधी चारी कोपऱ्यांचे आकडे बघा, ठरलेल्या जागेचा आकडा आणि डब्याची दिशा वहीत लिहून ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर तेवढाच पुरावा हाती असतो. बसवण्याचा खर्च माफ होतो म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी मिळेल तेवढ्या कमी मुदतीचा पॅक घ्या. आणि घाई नसेल तर जोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात घ्या, ऊस उभा आणि झाडं भरलेली असताना. तेव्हा जो आकडा मिळेल, त्याच्या खाली तो वर्षभरात सहसा जाणार नाही.