शहरात बिऱ्हाड न्यावे काय?

गावातील बिऱ्हाड उठवून जिल्ह्याच्या शहरी न्यावे किंवा नाही, हा प्रश्न हल्ली शेतकरी कुटुंबांत वारंवार निघतो. १९६१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील दर शंभर माणसांपैकी सुमारे २८ माणसे शहरांत राहत होती. २०११ च्या खानेसुमारीत ती ४५ झाली. तेव्हा हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. तो बहुधा मुलाच्या दहावीच्या निकालानंतर, किंवा घरात एखादे मोठे दुखणे होऊन गेल्यावर निघतो, आणि मन अस्वस्थ असतानाच त्याचा निकाल लावला जातो. वास्तविक बैलजोडी घेताना आपण जितकी चौकशी करतो तितकी तरी या कामी करावयास हवी. ती कोणत्या क्रमाने करावी, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

मुंबई-पुण्यासारख्या महानगरांचा विचार येथे केलेला नाही; विषय मध्यम शहरांचा आहे. उदाहरणादाखल सांगली घेऊ. सांगली, मिरज व कुपवाड मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली. २०११ साली तिची लोकसंख्या सुमारे ५ लाख ३ हजार होती. तासगाव, पलूस, कवठे महांकाळ, जत या बाजूच्या कुटुंबांना शहर म्हटले म्हणजे प्रथम हेच आठवते.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात धरावी. बिऱ्हाड हलविणे, शेत स्वतः कसणे सोडणे, आणि जमीन विकणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घरातील बोलण्यात मात्र त्या एक होऊन बसतात, आणि पुष्कळसे नुकसान येथूनच सुरू होते. म्हणून तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यावीत.

लाभाची बाजू

पहिला लाभ शिक्षणाचा. सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून व वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून चालत आले आहे. मुलगा वसतिगृहात राहून शिकू शकतो. परंतु मुलीला एकटी पाठविण्यास वडील मंडळी कचरतात, व पुष्कळ मुलींचे शिक्षण बुद्धी असूनही बारावीशी थांबते. आईबाप शहरात असले म्हणजे ही अडचण उरत नाही. आमच्या मते शहरी बिऱ्हाडाचा सर्वांत मोठा लाभ हाच होय, आणि तो रुपयांत मोजता येत नाही म्हणून हिशेबातून गळू देऊ नये.

दुसरा लाभ औषधोपचाराचा. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय काढले, व १९६२ साली तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले. छातीत कळ आली, सर्पदंश झाला किंवा बाळंतपण अडले, तर दवाखाना किती मिनिटांच्या वाटेवर आहे यावर जीव अवलंबून असतो.

तिसरा लाभ कामधंद्याचा. गावात पाऊस लांबला की सर्वांचेच हात एकदम रिकामे होतात. शहरात कुपवाड व मिरज येथील औद्योगिक वसाहती, हळदीची पेठ, दुकाने, दवाखाने यांमुळे घरातील दोघांतिघांना निरनिराळे काम मिळण्याचा संभव असतो. एकाचे काम गेले तरी चूल पेटती राहते. घरातील स्त्रियांनाही स्वतःच्या नावाची मिळकत होऊ शकते. गावी त्या दिवसभर शेतात राबतात, परंतु त्या श्रमाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

खर्चाची बाजू

शहरातील पगाराचा आकडा ऐकून मनुष्य भुलतो. त्याचे कारण असे की, गावातील आपली बरीच मिळकत कधी पैशाच्या रूपाने हातात येतच नाही. पाच माणसांचे एक कुटुंब घेऊ. भाव ज्याने त्याने आपल्या गावचे घालावेत. खालील आकडे केवळ रीत दाखविण्यापुरते आहेत. महिन्यास ५० किलो धान्य धरले तर वर्षाचे ६ क्विंटल, ४० रुपये किलोप्रमाणे २४,००० रुपये. रोज दोन लिटर दूध ६० रुपये दराने, वर्षाचे ४३,८०० रुपये. परड्यातील भाजीपाला रोज ५० रुपयांचा, म्हणजे १८,२५० रुपये. एकूण ८६,०५० रुपये. यांत ८,००० रुपये दरमहा भाडे मिळविले, म्हणजे वर्षाचे ९६,००० रुपये, की बेरीज १,८२,०५० रुपये होते. याचा अर्थ असा की, दरमहा १५,००० रुपयांची नोकरी मिळाली तरी ती या चार बाबींतच संपते. वीज, कपडालत्ता, शाळेचे शुल्क व येणे-जाणे अद्याप बाकीच आहे. जमीन राखून अर्धे धान्य गावाहून येत असेल तर तूट थोडी भरते. दुभते जनावर मात्र शहरातील दोन खोल्यांत येत नाही.

घर विकत घेण्याचा मोह याहून मोठा. समजा, २० लाख रुपये कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढले. हप्ता दरमहा सुमारे १८,००० रुपये पडतो व अखेरीस सुमारे ४३ लाख २० हजार रुपये भरावे लागतात. यातील खरी अडचण व्याजापेक्षा वेळेची आहे. शेताचे उत्पन्न सुगीला येते, हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला द्यावा लागतो. ज्याच्या घरी निदान एक कायम मासिक पगार नाही, त्याने शेताच्या भरवशावर असे कर्ज काढू नये.

शहराचे पाणी

गावाला पाण्याची अडचण व शहराला सुबत्ता, ही समजूत सर्वथा खरी नाही. सांगलीस कृष्णेच्या पुराने २००५, २०१९ व २०२१ साली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर चढले होते. सखल भागातील घराचे भाडे स्वस्त का, हे तेथील जुन्या रहिवाशास विचारावे, आणि २०१९ साली पाणी कोठवर आले होते याची खूण पाहिल्यावाचून जागा ठरवू नये. उलट लातूर हेही शिक्षणासाठी नावाजलेले मध्यम शहर. पण मांजरा धरण आटल्यामुळे २०१६ साली त्या शहरास आगगाडीने पाणी पुरवावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचलेली पहिली गाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आली होती, आणि ती भरली होती मिरजेस. तात्पर्य, शहर ठरविताना त्याच्या पाण्याची चौकशी विहिरीइतकीच बारकाईने करावी.

शेत दुरून चालेल काय?

याचे उत्तर पिकावर अवलंबून आहे. द्राक्षबाग गैरहजेरी मुळीच सोसत नाही. एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी यांपुढील काही आठवडे मालकाचा डोळा रोज बागेवर असावा लागतो. ढगाळ हवेत फवारणी दोन दिवस चुकली तर केवडा हंगाम घेऊन जातो. दुभती जनावरे व भाजीपाला यांचीही तीच गोष्ट. ऊस, शाळू, हरभरा ही पिके मात्र नेमाने येऊन-जाऊन पाहता येतात. येथे मध्यम शहराचा खरा गुण दिसतो. तासगावपासून सांगली सुमारे २५ किलोमीटर आहे. सकाळी शेतावर जाऊन दुपारी कामावर हजर होणे शक्य आहे. जतहून हेच अंतर तिपटीहून अधिक, तेथून ते साधत नाही. महानगरी गेलेल्याचे शेत मात्र वर्षातून दोनदा पाहण्याचे होते, व असे शेत हळूहळू दुसऱ्याच्या वहिवाटीत जाते.

कागदपत्रांची व्यवस्था

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसुली दप्तरात गेली असल्यामुळे या बाबीवर विशेष जोर द्यावासा वाटतो. बिऱ्हाड उठविण्यापूर्वी चार कामे करावीत.

पहिले, वडिलांच्या पश्चात वारसनोंद राहिली असल्यास ती प्रथम करून घ्यावी. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. बहिणींना वगळून केलेली नोंद पुढे वाद उत्पन्न करते.

दुसरे, भाऊ गावी राहून शेत कसणार व आपण शहरात जाणार, असे असेल तर सलोखा आहे तोवरच वाटणी करून घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ अन्वये तहसीलदारांकडून वाटप होऊ शकते. राहणाऱ्या भावास श्रमाचा मोबदला, व जाणाऱ्यास हक्काची खात्री, ही दोन्ही आधी ठरली म्हणजे भाऊबंदकीचे मूळच उरत नाही.

तिसरे, पीकपाहणी. २०२१ पासून ही नोंद खातेदाराने फोनवरून स्वतः करावयाची आहे, व त्यासाठी बांधावर प्रत्यक्ष जावे लागते. नोंद राहिली तर नुकसानभरपाई व हमीभावाची खरेदी यांत अडचण येते.

चौथे, वाटा किंवा खंड. कुळवहिवाट कायदा १९४८ चा आहे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतर निर्माण झालेल्या कुळवहिवाटीतही खरेदीचा हक्क सांगण्यास त्यात जागा आहे. या भयाने लोक तोंडी वाट्याने जमीन देतात. परिणामी मालकाजवळ कागद नाही व कसणाऱ्यास पीककर्ज मिळत नाही. यास्तव जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन, उभयतांस न्याय होईल असाच व्यवहार करावा.

आणखी एक लहान बाब. २०१९ पासून केंद्र सरकारचे वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनी शेतकरी कुटुंबास मिळतात. परंतु मागील वर्षी आयकर भरलेल्या कुटुंबास ते घेता येत नाहीत. शहरी पगार सुरू झाल्यावर याची आठवण ठेवावी, नाहीतर घेतलेली रक्कम परत करावी लागते.

विक्रीचा प्रश्न

शहरातील घरासाठी जमीन विकावी काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, व त्याचे कारण केवळ भावनेचे नाही. आपल्या राज्यात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यासच घेता येते. बिगरशेतकऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मराठवाडा व विदर्भ यांचे कुळकायदे निराळे असले तरी हे बंधन तेथेही आहे. सारी जमीन विकली गेली, तर पुढे मुलाने पैसे जमवून एखादा एकर घेऊ म्हटले तरी शेतकरी असल्याचा पुरावा देण्याची पाळी त्याच्यावर येते. भाड्याची खोली महिन्याभराच्या सूचनेने सोडता येते, नोकरी बदलता येते, बिऱ्हाड परत आणता येते. गेलेली जमीन परत येणे दुर्घट होय. जी चाल मागे घेता येत नाही ती सर्वांत शेवटी करावी.

तरी जाणाऱ्यांनी पुढील क्रम धरावा असे सुचवितो. प्रथम निश्चित काम, मग भाड्याची जागा. घरखरेदीचा विचार निदान दोन वर्षे नको. त्या दोन वर्षांचा जमाखर्च, घरच्या धान्य-दुधाची किंमत धरून, एका वहीत लिहावा. म्हाताऱ्या आईबापांस विचारल्यावाचून त्यांची व्यवस्था ठरवू नये. त्यांस गावीच राहावयाचे असेल तर आठवड्यातून एक दिवस त्यांचा. दोन वर्षांनी वही उघडावी. मुलांचे शिक्षण मार्गी लागले असेल व शेतही ओसाड पडले नसेल, तर बिऱ्हाड नेले ते योग्यच झाले असे समजावे. यांपैकी एक गोष्ट बिघडली असेल तर गावचे घर व सातबारा आपल्याच नावाचा आहे, आणि परतण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.