बल्ब बदलला, पण रस्ता दिसतो का?

संध्याकाळी गॅरेजसमोर दुचाकी भिंतीकडे तोंड करून उभी केली जाते. जुना पिवळट हॅलोजन काढून मेकॅनिक त्या जागी एलईडीचा बल्ब बसवतो, किल्ली फिरवतो आणि समोरची भिंत पांढरीशुभ्र उजळते. गाडीचा मालक खूश होतो, पैसे देतो आणि निघतो. ही भिंत दिव्यापासून दीड-दोन मीटरवर असते. ज्या खड्ड्यासाठी, ज्या बिनदिव्याच्या ट्रॉलीसाठी हा सगळा खटाटोप केलेला असतो, ती असते पन्नास मीटरवर. भिंतीवरच्या लखलखाटावरून पन्नास मीटरवरच्या उजेडाचा अंदाज बांधता येत नाही.

मूळ तक्रार मात्र खरी आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांत ३५ वॉटचा ‘एचएस-१’ हॅलोजन असतो. त्याचा मानक प्रकाश अप्परवर सुमारे ८२५ लुमेन आणि डिपरवर सुमारे ५२५ लुमेन. मोटारींत आणि मोठ्या बाइकमध्ये दिसणारा ‘एच-४’ ६०/५५ वॉटचा. त्याचे हेच आकडे साधारण १६५० आणि १००० आहेत. म्हणजे पहाटे दूध घालायला निघालेला किंवा रात्रपाळी संपवून एमआयडीसीतून परतणारा माणूस मोठ्या गाडीच्या निम्म्या उजेडात त्याच रस्त्यावरून जात असतो. त्यातच काही जुन्या मॉडेलमध्ये हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर थेट इंजिनच्या कॉइलवर चालतो. गाडी हळू झाली की दिवा मंद होतो, म्हणजे खड्डे चुकवायला वेग कमी करावा तर तेच दिसेनासे होतात.

ताशी ६० किलोमीटर वेगाने दुचाकी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी २३ मीटरच्या आसपास लागतात. एकूण ४८. वेग ८० केला की हाच आकडा ७५ मीटरच्या जवळ जातो. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला पादचारी पन्नास मीटरवर दिसला तरी नशीब. उसाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरच्या किंवा सोलापूरच्या रस्त्यांवर मागे रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी अंधारात किती अचानक समोर येते, हे तिथे रात्री गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको. जास्त उजेड हवासा वाटणे यात गैर काहीच नाही. तो कुठे पडतो, हा खरा प्रश्न आहे.

हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, मागचा आरसा आणि पुढची काच मिळून तो तयार होतो. गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘डूम’ म्हणतात, तो त्याचा निम्म्याहून महत्त्वाचा भाग. आरशाचा वक्र अशा हिशेबाने घडवलेला असतो की बल्बमधली तार एका नेमक्या जागी असेल तरच तिचा प्रकाश हव्या त्या दिशेने जावा. एच-४ आणि एचएस-१ मध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटीशी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे आरशाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून परतलेला प्रकाश रस्त्याकडे झुकतो. समोरच्या भिंतीवर डिपर टाकला की खाली उजेड आणि वर अंधार अशी जी रेघ दिसते, ती या वाटीची करामत. समोरून येणाऱ्याचे डोळे त्या रेघेच्या वर, अंधाराच्या बाजूला राहावेत, एवढ्यासाठी ही योजना आहे.

आता त्याच डूममध्ये एलईडी बसवला तर काय होते? हॅलोजनची तार बारीक दंडगोलासारखी असते आणि तिचा प्रकाश सभोवार पडतो. एलईडीच्या चिप सपाट पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात. पट्टी जाड असेल, तर दोन्ही बाजूंच्या चिप तारेच्या मूळ जागेपासून दूर सरकतात. आरशाच्या हिशेबात मिलिमीटरच्या अंशालाही किंमत असते, कारण दिव्याजवळची किरकोळ चूक पन्नास मीटरवर हात-दोन हात होते. परिणामी प्रकाश इकडेतिकडे सांडतो: थोडा झाडांच्या शेंड्यांवर, थोडा समोरच्याच्या डोळ्यांत आणि बराचसा गाडीच्या पुढ्यातल्या दहा मीटरवर. खोक्यावर छापलेले लुमेन खरे असले, तरी ते बल्बमधून किती प्रकाश निघतो एवढेच सांगतात. तो रस्त्यावर कुठे पोहोचतो याबद्दल एक अक्षरही सांगत नाहीत. काही एलईडी काळजीपूर्वक बनवलेले असतात, त्यांच्या चिप तारेच्या जागीच असतात आणि वाटीची नक्कलही असते. पण दुकानात टांगलेल्या पाकिटावरून तो बल्ब आपल्या डूममध्ये कसा वागेल, हे ओळखता येत नाही. जर्मनीत २०२० मध्ये अशा एलईडी बल्बना परवानगी मिळाली तीसुद्धा सरसकट नाही, तर ठरावीक बल्ब ठरावीक वाहनांच्या हेडलाइटमध्ये तपासून. कंपनीने मुळातच एलईडी दिवा देऊन बनवलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा आरसा किंवा भिंग त्याच प्रकाशासाठी आखलेले असते.

पुढ्यातले दहा मीटर झगझगीत झाले की चालकाला मात्र छान दिसल्याचा भास होतो. डोळा समोरच्या उजेडाशी जुळवून घेतो. बाहुली लहान होते, पडद्याची संवेदनशीलता उतरते आणि पलीकडचा अंधुक भाग आणखी अंधारतो. म्हणजे नव्या बल्बमुळे दूरचे आधीपेक्षा कमी दिसत असूनही, चालक शपथेवर सांगेल की आता दिवसासारखे दिसते! आणि तसे वाटले की वेग वाढतोच.

समोरच्याच्या डोळ्यांत काय होते, ते तर अधिक गंभीर. डोळ्यातले भिंग आणि पारदर्शक पटल काचेइतके निर्मळ नसते. प्रखर प्रकाश आत शिरला की त्याचा काही अंश विखुरतो आणि दृष्टिपटलावर धुक्यासारखा पसरतो. या प्रकाशाच्या पडद्यामुळे वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांतला फरक बुजतो. दिव्यापासून जितक्या कमी कोनात पाहावे, तितका हा पडदा दाट. कोन निम्मा झाला की तो साधारण चौपट होतो. दुपदरी रस्त्यावर समोरची गाडी पन्नास मीटरवर असताना तिचा दिवा नजरेच्या रेषेपासून तीन-चार अंशांवरच असतो. नेमक्या त्याच वेळी रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस त्या पडद्याआड जातो. दिवा गेल्यावरही नजर सावरायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात सेकंदाला १७ मीटर या हिशेबाने गाडी धावतच असते.

वयानुसार हे वाढत जाते. प्रकाशविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था ‘सीआयई’ जे सूत्र वापरते त्याप्रमाणे तरुण डोळ्याच्या तुलनेत सत्तरीत हा विखुरणारा प्रकाश दुप्पट होतो. हा हिशेब निरोगी डोळ्याचा. मोतीबिंदू धरू लागला असेल तर त्याहून अधिक. ‘रात्री समोरच्या लाइटचा फार त्रास होतो’ ही तक्रार कित्येकदा मोतीबिंदूची पहिली खूण असते. दिवसा अक्षरे नीट वाचता येतात म्हणून ती दुर्लक्षिली जाते.

एलईडीचा थंड पांढरा रंग हा आणखी एक मुद्दा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो आणि त्याच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा एक उंचवटा उरतो. तेवढ्याच तीव्रतेचा निळसर प्रकाश पिवळसर प्रकाशापेक्षा डोळ्याला जास्त बोचतो. म्हणून हॅलोजनवाल्या मोटारीपेक्षा एलईडी बसवलेली छोटी दुचाकी कधीकधी जास्त त्रास देते. आंबोली किंवा माळशेजच्या धुक्यात पिवळा दिवा ‘आरपार जातो’ असे म्हणतात, त्यात फारसे तथ्य नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फ्रान्सने तर १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइटच सक्तीचे ठेवले होते. धुक्यात दिसत नाही ते प्रकाश उलटा डोळ्यांत परततो म्हणून. तिथे अप्पर बंद करून डिपर टाकणे आणि वेग कमी करणे, एवढेच हाती असते. पावसात ओल्या डांबरावर वेगळीच गंमत होते. पाण्याचा थर आरशासारखा वागतो, आपल्या दिव्याचा प्रकाश पुढे निघून जातो, रस्ता काळाठिक्कर दिसतो आणि समोरच्याचा दिवा मात्र रस्त्यावरून उसळूनही डोळ्यांत येतो. बल्ब कितीही वाढवला तरी हे बदलत नाही.

एलईडी नको म्हणून काहीजण १००/९० वॉटचा हॅलोजन टाकतात. तो तारेच्या नेमक्या जागी असतो हे खरे, पण ६० वॉटला ५ अँपिअर लागतात, तिथे १०० वॉटला ८ हून अधिक. वायरमधली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे त्याच वायरिंगमध्ये, त्याच स्विचच्या टोकांवर आणि होल्डरमध्ये पावणेतीन पट उष्णता. होल्डर वितळतो, डूमच्या आरशाचा मुलामा काळवंडतो, छोट्या गाडीची बॅटरी उतरते. मुलामा गेला की शंभर वॉटचाही उजेड पहिल्यासारखा पडत नाही. ‘इतके टक्के जास्त उजेड’ म्हणून विकले जाणारे ६०/५५ वॉटचेच हॅलोजनही मिळतात. ते खरोखर उजळ असतात; पण त्यांची तार जास्त तापवलेली असल्याने आयुष्य कमी. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत इंजिन सुरू असेतो हेडलाइट चालूच राहतो, हे लक्षात घेतले तर असा बल्ब दिवसाउजेडीच बराचसा खर्ची पडतो.

कायद्याचे म्हणावे तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम याच विषयावर आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा, असे तो सांगतो. परवानगी नसलेल्या फेरफारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एकेकाळी हेडलाइटच्या वरच्या भागावर काळा रंग फासलेला असे. उपाय ओबडधोबड होता, पण समोरच्याला डोळे असतात याची ती आठवण तरी होती.

मग मंद दिव्याचे करायचे काय? पहिली तपासणी मीटरने करावी. हॅलोजनला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. गंजलेले अर्थिंग, सैल होल्डर, काळे पडलेले स्विच यांत हे व्होल्टेज वाटेतच संपते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा आणि बल्बवर बारा व्होल्ट येत असतील, तर नवा बल्ब आणण्याआधी वायरिंग दुरुस्त करायला हवे. बॅटरीवर चालणाऱ्या दिव्याला रिले बसवला, की प्रवाह स्विचमधून न जाता जाड वायरने थेट बॅटरीकडून येतो आणि जुनाच बल्ब नव्यासारखा उजळतो. पिवळी पडलेली प्लास्टिकची काच घासून घ्यावी किंवा बदलावी. काळवंडलेला डूम बदलण्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट दिव्याच्या रोखाची. सपाट जागी दहा मीटरवरच्या भिंतीवर डिपरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली हवी. पण हे पाहताना गाडी स्टँडवर नको, चाकांवर हवी आणि नेहमी डबलसीट जाणे होत असेल तर मागे माणूस बसलेला हवा. दोन चाकांतले अंतर सव्वा मीटर धरले आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा ३ सेंटीमीटर जास्त दबला, तर पन्नास मीटरवर फोकस १.२ मीटर वर उचलला जातो. एकट्याने बरोबर लावलेला दिवा मग थेट समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर पोहोचतो. मागचे शॉकअप एक-दोन घरे कडक केले किंवा हेडलाइटचा स्क्रू थोडा फिरवला की काम होते. गॅरेजमध्ये हे काम दहा मिनिटांचे. कोणी मागत नाही म्हणून ते कोणी करत नाही.

हेल्मेटची काच या सगळ्यात विसरली जाते. तिच्यावरचा प्रत्येक बारीक ओरखडा समोरच्या दिव्याचा प्रकाश फोडून डोळ्यांभोवती पसरवतो. त्यातून जो प्रकाशाचा तारा फुटलेला दिसतो, त्याचे खापर नेहमी समोरच्याच्या बल्बवर फोडले जाते. धुळीची काच कोरड्या फडक्याने खसाखसा पुसली की ओरखडे वाढतात. ती पाण्याने धुऊन मग टिपावी. रात्रीसाठी काळी काच तर नकोच, आणि ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मेही नकोत. ते समोरच्या दिव्याबरोबर अंधारातल्या माणसाचाही प्रकाश कापतात. काच नवी, चष्म्याचा नंबर बरोबर आणि तरीही प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर मेकॅनिकऐवजी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी होणार असल्याने परत येताना गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला द्यावी.