आधी कडी, मग काच

सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारापुढे दोन शंका हटकून येतात. आत कुणी आहे का, आणि आत पाय ठेवण्याजोगं आहे का? आपल्याकडे पहिलीचं उत्तर दार ठोठावून मिळतं, दुसरीचं नाकाला. टोकियोच्या शिबुया भागात वास्तुविशारद शिगेरु बान यांनी दोन्ही शंका बाहेरूनच फिटाव्यात म्हणून भिंतीच रंगीत काचेच्या केल्या. भूजच्या २००१ च्या भूकंपानंतर तिथे कागदी नळ्यांची घरं उभारणारे बान ते हेच. शिबुयातली १७ स्वच्छतागृहं नव्याने बांधण्याचा निप्पॉन फाउंडेशनचा प्रकल्प होता. त्यातली बागांमधली ही दोन बान यांची; ती २०२० मध्ये सुरू झाली.

रिकामं असताना आतलं सगळं आरपार दिसतं. आत दबा धरून कुणी नाही, एवढं बाहेरूनच कळणं रात्री एकट्या बाईला केवढ्या मोलाचं! आत जाऊन कडी लावली की काच धुरकट होते.

हे होतं कसं? काचेत एक पातळ थर असतो आणि त्यात द्रवस्फटिकांचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले असतात. वीज वाहत असते तोवर थेंबांतले रेणू एका दिशेत रांगेने उभे राहतात आणि उजेड सरळ पार जातो. वीज तुटली की रेणूंची शिस्त मोडते, उजेड वाटेल तसा फाकतो आणि पलीकडचं दिसेनासं होतं. म्हणजे वीज लागते ती दाखवायला, झाकायला नाही. कडी लावणं म्हणजे वीज तोडणं. त्यामुळे अचानक वीज गेली तरी आतल्या माणसाची अब्रू शाबूत राहते. मला या रचनेतलं खरं शहाणपण इथे दिसतं. रंग आणि रात्रीची रोषणाई नंतरची. थंडीने मात्र या काचेचं पितळ उघडं पाडलं. गारठ्यात द्रवस्फटिक सुस्तावतात, काच धुरकट व्हायला वेळ लागतो. म्हणून हिवाळ्यात ती सदाच धुरकट ठेवायची वेळ आली.

दिसण्याचं असं झालं. ऐकू जाण्याचं काय? आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जपानी बायका पुन्हा पुन्हा फ्लश करत आणि चांगलं पाणी वाया जाई. टोटो कंपनीने १९८८ मध्ये ‘ओतोहिमे’ नावाचं यंत्र आणलं. ते सुरू केलं की पाणी वाहिल्याचा नुसता आवाज येतो, थेंबही सांडत नाही. काचेच्या भिंतींपेक्षा मला ही भिंतीवरची डबी सरस वाटते. तिला ना वास्तुविशारद लागतो, ना बागेतली जागा.

शिबुयाला गेलात तर कडी पक्की लागली आहे ना, ते पाहा आणि क्षणभर थांबा. धुरकट काच दोन्हीकडून सारखीच असते. तुम्हाला बाहेरची झाडं स्पष्ट दिसत असतील, तर घाई करू नका.